दह्याचं पथ्य

"दही?" रावजी बाकावरून ताडकन उठला. "डॉक्टर, दोन कोस उन्हातनं पोर खांद्यावर घालून आणली ती दही खायाला? दही तर घरी गाडग्यात पडलंय!"

"मग फारच छान," डॉक्टर मेहेंदळे म्हणाले. "विकत आणायला नको."

डॉक्टर तरुण, मुंबईत शिकलेले, माणूस अगदी सोन्यासारखा. पण कुठं काय बोलावं याचा पत्ता नाही. पिकतं तिथं विकत नाही, हे त्यांना कोण सांगणार? मी टेबलामागे बाटल्या पुसत उभा होतो. मी शिवदास, या दवाखान्याचा कंपाउंडर. छप्पन सालचा वैशाख होता तो, मंगळवारचा दिवस. डॉक्टरांकडे दोन गावचे दवाखाने होते. आमच्याकडे ते मंगळवारी आणि शनिवारी यायचे. बाकीचे दिवस दवाखाना मीच चालवायचो, आणि खरं सांगायचं तर मनातून मला वाटायचं की सगळेच दिवस मीच चालवतो.

दाराच्या चौकटीला टेकून रावजीची बायको रंगू बसली होती. तिच्या मांडीवर जनी. चार वर्षांची पोर, पण वजन दोन वर्षांच्या पोराएवढं. फाल्गुनात गोवर आला, तो गेला आणि मागे जुलाब ठेवून गेला. दीड महिना झाला, थांबत नव्हते. हातांच्या काटक्या झालेल्या आणि पावलं मात्र सुजलेली. डॉक्टरांनी पावलावर अंगठा दाबला तर खळगा पडला, आणि तो बराच वेळ भरला नाही. डॉक्टर त्या खळग्याकडे बघत राहिले.

"हिला काय खायला देता?"

"दूध," रंगू हळूच म्हणाली. "म्हैस हाय घरची. शक्ती यावी म्हून सारखं दूधच पाजते. पाजलं की लगेच..."

"दूध आजपासून बंद," डॉक्टर म्हणाले. "आता नीट ऐका. दुधात एक साखर असते. गोवरानंतर या पोरीचं आतडं सोललं गेलंय, त्याला ती साखर पचत नाही, म्हणून दूध पोटात गेलं की जुलाब. विरजण लावलं की त्यातले जंतू ती साखर बरीचशी खाऊन टाकतात. मग उरतं ते हिला सोसतं. वाटीभर दह्यात एका अंड्याएवढं सत्त्व असतं, मांस भरून आणणारं. हाडांना लागणारा चुना असतो. साधं, ताजं दही, साखर घालायची नाही, मऊ भातात कालवून, दिवसातनं चार-पाच वेळा वाटी वाटी."

रावजीनं त्यातला एकच शब्द उचलला. "जंतू? पोरीच्या पोटात आनखी जंतू घालायचं?"

"अहो, चांगले जंतू. पोटात शेजाऱ्यासारखे राहतात, वाईटांना जागा देत नाहीत." मग डॉक्टर जरा थांबले. माणूस प्रामाणिक होता, थाप मारणं त्यांना जमत नसे. "हे बघा, दही म्हणजे अमृत नव्हे. त्यानं सगळं बरं होतं असं मी म्हणणार नाही. पण हिला आज अन्न पाहिजे, आणि हेच अन्न हिच्या पोटात टिकेल. माझ्याकडच्या कुठल्याही बाटलीत ते नाही."

झालं! तिथंच सगळं फिसकटलं. रावजीचा चेहरा पडला. तो दबक्या आवाजात म्हणाला, "म्हंजे औषध न्हाय हिच्यावर. आसं सरळ सांगा की डॉक्टर."

रंगूनं पदर तोंडात कोंबला आणि हुंदका आवरला. डॉक्टरांना काही उमजेना. मला उमजलं. आमच्याकडे वैद्य असो की डॉक्टर, त्यानं हात टेकले की तो म्हणतो, "आता काय हवं ते खाऊ घाला." मग सगळी आळी समजते. माणसाला गोडधोड करून घालतात, पाहुण्यांना निरोप जातात. हे दोघं पोरीला घेऊन आले ते औषधासाठी, आणि डॉक्टर म्हणत होते, हिला खाऊ घाला. त्यांनी त्याचा जो अर्थ घ्यायचा तो घेतला.

डॉक्टर पुढच्या रोग्याकडे वळले, त्यांना बाराच्या गाडीनं दुसऱ्या गावी जायचं होतं. हे दोघं पायरी उतरायला लागले. मला राहवलं नाही.

"रावजी, थांब. औषध आहे. मुंबईहून नवीन आलंय, मी काढून देतो. बाटली आणलीस?"

बाटली कुठली आणणार? मी म्हटलं, असू दे, दवाखान्याची देतो, पण परत आण. तो माझ्याकडे असा बघायला लागला की माझी छाती दोन इंच फुगली. खोटं कशाला बोलू? कणव आलीच होती, पण त्यापेक्षा ऐट जास्त होती. डॉक्टरला जमलं नाही ते कंपाउंडर करून दाखवणार, असं होतं ते.

मागच्या दोन खोल्यांत आमचं बिऱ्हाड. आत जाऊन मी केसरला, माझ्या बायकोला म्हटलं, दही दे.

"भाताबरोबर?"

"बाटलीत."

तिनं सगळं ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला. "अहो, हे कसलं सोंग? त्यांना खरं सांगा ना. समजावून सांगा."

"खरं डॉक्टरनं सांगितलं. रडत निघालीत ती माणसं. आता मी खोटं सांगून पोर वाचवतो, बघ तू."

दही घुसळून पातळ केलं, गाळलं, मिठाची चिमूट टाकली. वास लपवायला पेपरमिंटचे दोन थेंब आणि गुलाबी रंगाचा एक. बाटलीत भरल्यावर ते असं झोकदार दिसायला लागलं की मलाच घ्यावंसं वाटलं. मग कागदाची पट्टी दुमडून कात्रीनं खुणा कापल्या आणि खळ लावून बाटलीवर चिकटवली. ती पट्टी बघितल्याशिवाय आमच्या लोकांना औषध हे औषध वाटत नाही. माझ्या मनात हिशेब साधा होता: दही द्यायचं ते डॉक्टरांनी सांगितलंच आहे, म्हैस घरी आहे, हातात बाटली आली की यांचा जीव शांत होईल, मग पोरीला वाट्या भरभरून दही घालतील. बाटली नुसती धीरासाठी.

बाहेर येऊन रावजीच्या हातात बाटली दिली आणि देताना बोलायचं असतं ते बोललो. वीस वर्षं तेच बोलत होतो. तोंड आपलं चालायचं आणि डोळे पुढच्या माणसाच्या चिठ्ठीवर. रंगू मात्र एकेक शब्द ओठांनी पुटपुटत होती, पाठ करत होती. जनीनं बाटलीकडे हात केला आणि ती हसली. तिचं हसणं मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं आणि शेवटचंही.

शुक्रवारी रावजी आला तो हसतच. एका हातात रिकामी बाटली, दुसऱ्या हातात फडकं बांधलेलं गाडगं.

"कंपौंडरसाहेब, काय जोरदार औषध हो तुमचं! परवा दुपारी बूच आपोआप फट्कन उडालं, कुडावर जाऊन आपटलं. आये म्हनली, ह्येच्यात दम हाय."

उन्हानं दही फसफसलं होतं, दुसरं काय! पण मी गंभीर तोंड करून म्हटलं, "ताजं औषध आहे. बूच सैल ठेवा."

"जुलाब निम्म्यावर आलं बगा."

मला इतका आनंद झाला की त्याला बसवून चहा पाजला. त्यानं गाडगं पुढं केलं. "ह्ये तुमास्नी. घरचं दही हाय. घरात कोन खात न्हाय सध्या, वाया जातं."

कोण खात नाही, का खात नाही, हे मी विचारलं नाही. माणूस आनंदात असला की कान बंद असतात. फडकं सोडून बघितलं तर सुरीनं वडी पाडावी असं दही, वर बोटभर साय. त्यातलंच वाटीभर घेऊन मी दुसरी बाटली भरली. म्हणजे त्याच्या घरचं दही त्यालाच रंग लावून परत दिलं, आणि त्यानं ते कपाळाला लावून घेतलं. दुपारी उरलेलं आम्ही दोघांनी भातात कालवून खाल्लं.

जेवताना केसर म्हणाली, "एवढं दही आपल्याला दिलं, त्या पोरीला पुरलं असेल ना हो?"

"म्हशीवाली माणसं ती, त्यांना काय तोटा!" मी म्हणालो आणि आणखी वाढून घेतलं.

शनिवारी डॉक्टर आले. आल्या आल्या त्यांनी विचारलं, "ती गोवराची मुलगी? दही देताहेत का?"

"देताहेत," मी म्हटलं. "जुलाब निम्म्यावर आलेत."

बाटलीचं सांगितलं नाही. सरकारी बाटलीत दही भरून, वर रंग लावून, औषध म्हणून दिलं, हे कुठल्या तोंडानं सांगणार? डॉक्टर खूष झाले. वहीत काहीतरी टिपून घेतलं आणि म्हणाले, "शिवदास, बघा, लोकांना समजावून सांगितलं की पटतं." मी मान डोलावली. त्या वेळी एक वाक्य बोललो असतो तर डॉक्टरांनी चार प्रश्न विचारले असते, आणि त्या चारांतला एक तरी योग्य ठिकाणी लागला असता. पण मी मूग गिळून बसलो.

सोमवारी रावजी पुन्हा आला, पुन्हा गाडगं घेऊन. या खेपेला हसत नव्हता.

"जुलाब कमी हाईत. पन पोर उठत न्हाय, साहेब. मान टाकून पडती. पायाची सूज वर चढली."

"पेज घेते ना?"

"पेज घेते की. पेज आन तुमचं औषध."

मी म्हटलं, "अरे, दीड महिन्याचं दुखणं, शक्ती यायला वेळ लागतो." ही माझी दुसरी पाठ केलेली ओळ. शक्तीला वेळ लागतो. पेज आणि औषध, एवढंच तो म्हणाला होता. तिसरं नाव त्यानं घेतलंच नव्हतं, आणि माझ्या डोक्यात उजेड पडला नाही. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात ते खोटं नाही. मी तिसरी बाटली भरून दिली. "उद्या डॉक्टर आहेत, पोरीला दाखव," असं म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही, कारण डॉक्टरांसमोर बाटली निघाली असती.

मंगळवारी डॉक्टरांनी विचारलं नाही. गुरुवारी रावजी यायचा, तो आला नाही. शुक्रवारी आला नाही. शनिवारी डॉक्टर श्रीवर्धनला लस टोचण्याच्या कामावर होते. मी दिवसभर दाराकडे बघत राहिलो. केसर एकदाच म्हणाली, "जाऊन या हो." रविवारी सकाळी मी निघालो.

डोंगराच्या सोंडेवरून वाट होती. शेतात पेरणीआधीचे राब जाळलेले, सगळीकडे त्याचा धूर. वाटेत एक बाई भेटली, तिला रावजीचं घर विचारलं. तिनं हातानं दिशा दाखवली आणि पदर पुढं ओढून झपाझप निघून गेली.

अंगणात म्हैस बांधलेली होती. ओटीवर रावजीची आई, येसूबाई, भिंतीला टेकून बसली होती. तिनं मला "या" म्हटलं नाही. पाट पुढे सरकवला. दुखवट्याच्या घरात "या" म्हणत नाहीत.

"कधी?" मी विचारलं.

"बुधवारी. दिवस मावळताना." तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. "रावजी बोर्लीला गेलाय, दूध घालाया. म्हशीला कुटं सुतक?"

आत रंगू भिंतीकडे तोंड करून बसली होती. मी काय बोलणार? नेहमी बोलतात ते बोललो. आयुष्य तेवढंच होतं, देवापुढं कुणाचं चालतं. माझं मलाच ते घाणेरडं वाटलं.

येसूबाई उठली, आत गेली आणि बाटली घेऊन आली. घासून, धुऊन, वाळवून ठेवलेली. कागदाची पट्टी तेवढी निघाली नव्हती. "सरकारी हाय. परत द्या म्हनला हुता. पोरीमागं सरकारचं कायबी राहू नये."

मी बाटली घेतली.

"कंपौंडर," ती म्हणाली, "तुमी शिकलेलं. आमचं काय चुकलं ते सांगा. दोन खुना, दिवसातनं तीनदा, हालवून. एक बारी चुकवली न्हाय. आन पथ्य? तिखट बंद, तेलकट बंद, आंबट बंद, दही-ताक बंद. ह्या अंगनात इचारा कुनालाबी. एक दिस मोडलं न्हाय."

ती ते माझ्याच चालीत म्हणाली. तोच हेल, तिथंच थांबणं. तिखट बंद, तेलकट बंद, आंबट बंद, दही-ताक बंद. वीस वर्षं खोकल्याला, तापाला, खरजेला, हगवणीला, ज्याच्या हातात बाटली ठेवली त्याला मी हेच ऐकवलं होतं. त्या दिवशीही ऐकवलं होतं, आणि मला त्याची आठवणसुद्धा नव्हती.

"पण डॉक्टर," मी म्हटलं, "डॉक्टर तर दही द्या म्हणाले होते..."

"ते औषध न्हवतं तवा!" येसूबाई म्हणाली, जणू लहान पोराला सांगते आहे. "औषध सुरू झालं म्हंजे पथ्य आलं. येवढं कळतं की आमाला. दूध डॉक्टरनं बंद केलं, दही तुमी बंद केलं. दोगांचंबी पाळलं."

पेज आणि औषध. दिवसाला सहा चमचे दही आणि बाकी भाताचं पाणी, आणि घरात रोज विरजण लागत होतं.

"मागायची का?" मी विचारलं. का विचारलं ते देव जाणे.

"मागायची म्हंजे? जीवच होता तिचा दह्यावर. गाडगं दिसलं की रडायची. म्हून मग आमी सगळ्यांनीच सोडलं. मी बी सोडलं, रावजीनं सोडलं. आन गाडगं तिच्या डोळ्याम्होरं नको म्हून तुमच्याकडं धाडलं. बुधवारी सकाळच्यानं निसतं 'दही, दही' करत हुती. मी म्हनलं, बरी हो बाय, मंग देते तुला वाटीभर."

मला तिथंच मरावंसं वाटलं. मी ते गाडगं खाल्लं होतं. साय चाटून खाल्ली होती. तिथल्या तिथं सगळं सांगून टाकावं, असं ओठांपर्यंत आलं. पण म्हातारीकडे बघितलं आणि थांबलो. तिच्याजवळ आता एवढंच उरलं होतं की आपण काही चुकलो नाही. ते मी काढून घेऊ? की हे सगळं मी माझ्या नोकरीसाठी मनात रचत होतो? आज दहा वर्षं झाली, मला अजून सांगता येत नाही. डॉक्टरांची त्याच पावसाळ्यात बदली झाली. त्यांनाही मी सांगितलं नाही.

"तुमचं काही चुकलं नाही, आजी," मी म्हटलं.

"न्हाय ना?" ती म्हणाली, आणि मग मात्र तिच्या डोळ्यांतून पाणी आलं.

मी उठलो. ओढ्याच्या कडेनं वाट खाली उतरत होती. शंभरेक पावलं गेलो असेन, तोच मागून हाक आली.

"ओ दादा! कंपौंडरदादा!"

रंगू धावत आली होती. पदराखाली काहीतरी धरलं होतं. धाप लागलेली. तिनं मागं वळून बघितलं, घराकडून कुणी येत नाही ना म्हणून.

"आत्याबाईस्नी ठावं न्हाय," ती म्हणाली. "कुनालाच ठावं न्हाय. मी पथ्य मोडलं, दादा."

"म्हणजे?"

"मंगळवारी लई रडत हुती. माज्यानं बघवंना. विरजनात बोट बुडवलं आन तिला चाटवलं. एकदाच. एकच बोट. चाटून कशी गप झाली! माजं बोट धरून झोपली. आन दुसऱ्या दिशी..." तिनं माझ्याकडे बघितलं. "माज्या बोटानं गेली ना ती? आत्याबाई म्हनतात पथ्य मोडलं न्हाय, पथ्य मोडलं न्हाय. मला त्ये ऐकवत न्हाय. मीच मारली ना तिला? खरं सांगा. तुमास्नी ठावं आसंल."

तिच्या लेकीच्या तोंडात त्या आठ-नऊ दिवसांत आईच्या हातानं गेलेलं चांगलं अन्न ते एवढंच होतं, एक बोट. आणि ते हिनं आता जन्मभर पापासारखं बाळगायचं होतं.

"नाही," मी म्हटलं. "रंगू, माझ्याकडे बघ. तुझ्या बोटानं नाही गेली. दह्यानं नाही गेली. तुझ्या मुलांची शपथ घालून सांगतो."

"मला दुसरं मूल न्हाय, दादा."

मी ओढ्याकडे बघितलं. ओढ्यात पाणी घोट्याएवढंच होतं. पलीकडच्या काठावर करंजाखाली काटेरी फांद्यांचा एक लहानसा ढीग दिसत होता. कोल्ह्यांनी उकरू नये म्हणून घालतात तसा.

"मंग कशानं गेली?" तिनं विचारलं.

"माझ्यानं," मी म्हटलं. एवढं तरी तोंडातून बाहेर पडलं. "माझ्या औषधानं. माझ्या औषधात काही नव्हतं, रंगू."

पुढचं बोलायला मी तोंड उघडलं. पण तिनंच मान हलवली. "आसं नका म्हनू. तुमी काय कमी केलं? मुंबईचं औषध दिलंत. कोन देतं आमाला? तिचं नशीबच तेवढं." आणि ती मला समजावायला लागली! माझ्या दंडाला हात लावून. "घरी जावा. ऊन लई झालंय."

मी तिला मला समजावू दिलं. ते पुढचं वाक्य मी बोललो नाही. बोललो असतो तर ती मोकळी झाली असती, की तिथल्या तिथं कोसळली असती? मला माहीत नाही. मला भीती वाटली, एवढंच खरं आहे.

तिनं पदराखालून वाटी काढली. भातावर दही घातलेलं, आजचंच, घट्ट. ती ओढा ओलांडून करंजापाशी गेली आणि काट्यांच्या अलीकडे उकिडवी बसली. पळसाचं एक पान पुसून जमिनीवर मांडलं. वाटी हातात धरून तशीच थांबली आणि मग माझ्याकडे वळून बघितलं. दवाखान्यात बाटली घेऊन निघताना माणसं वळून विचारतात, तशीच.

"आता दही चालंल ना ओ तिला?"

"चालेल," मी म्हटलं.

तिनं सगळी वाटी पानावर उपडी केली. वाटीला लागलेलं बोटानं निपटून घातलं. मग ओढ्याशी आली आणि ती बोटं पाण्यात बुडवून धुतली. वास घेऊन बघितला आणि वाळू घेऊन पुन्हा धुवायला लागली.